खिडकीतली पोपटी चिंधी

१

पाकीट गेलं ते गेलंच, पण त्याहून मोठं नुकसान मी केलं, आणि तेही उगाच तोंड उघडून.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला प्रमोदिनीवहिनींच्या घरून निरोप आला की चोरी झालीय, लगेच या. मी गावची पोलीस पाटील. ठाण्याचा माणूस येईपर्यंत जागेवर उभं राहायचं, काय दिसतं ते बघायचं आणि वर कळवायचं, एवढंच माझं काम. दिवेआगरच्या अलीकडचं आमचं लहानसं गाव. नऊ वर्षांत इथे दोनच चोऱ्या झाल्या. त्यातली एक पंप नेल्याची आणि दुसरी सोललेल्या सुपारीच्या पोत्यांची.

वहिनींचं घर पंधरा दिवसांसाठी चित्रपटवाल्यांनी घेतलं होतं. थरारपट होता. एक खून, सहा संशयित, आणि खुनी कोण ते शेवटच्या दहा मिनिटांत कळणार. दिग्दर्शक यज्ञेश्वर, गोष्टही त्याचीच. शेवट त्याने कोणालाच सांगितला नव्हता, नायकालासुद्धा नाही. हाताने लिहिलेली एकच प्रत, ती तपकिरी पाकिटात, पाकीट टेबलाच्या खणात. बुधवारी चार वाजता मुंबईहून निर्माते ती पानं वाचायला येणार होते आणि गुरुवारी शेवटाचं चित्रीकरण होतं.

खोली मागच्या अंगाला, वाडीकडे तोंड करून. दारात उभी राहिले आणि सगळं एकदम दिसलं. उलटी पडलेली खुर्ची, ओढून काढलेला खण, सताड उघडी खिडकी. वादळात त्या खिडकीचे गज उखडले ते वहिनींनी परत बसवले नव्हते. चौकटीवर चपलेचा चिखलाचा ठसा, तांबडा, आणि बाजूच्या खिळ्याला अडकलेली वीतभर चिंधी.

"कोणी हात लावू नका," यज्ञेश्वर म्हणाला. पंचेचाळिशीचा, दाढीवाला, डोळे जागरणाने सुजलेले. त्याचा निकेत नावाचा व्यवस्थापक रुमालात धरून चिंधी घेऊन आला. पोपटी रंग, जांभळा काठ.

आणि मी म्हणाले, "ही तर काशीची साडी."

ओसरीवर वीसेक माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

२

काशी म्हसळ्याच्या पलीकडची, भातशेतीच्या गावातली. लग्न होऊन इकडे आली, नवरा गेल्यावर पाहुण्यांच्या घरांची झाडलोट धरली. गावातल्या पाच घरांच्या चाव्या तिच्या कमरेला. पाहुणे आले की दार ती उघडणार, गेले की ती लावणार. कोणाचं घड्याळ, कोणाची अंगठी राहिली तर ती मालकाच्या हातात देणार. त्या चाव्यांवर तिचं घर चालत होतं आणि त्या चाव्या तिच्या चांगल्या नावावर मिळाल्या होत्या.

दुपारी जेवणं व्हायच्या आत पहिली चावी गेली. त्या घराचा मालक दादू काही वाईट माणूस नव्हे. "पाहुणे वाढलेत, माझ्याकडेच असू दे जरा," एवढंच म्हणाला आणि हात पुढे केला. मग विनेशने मुलीला पाठवलं. तिसऱ्याने फोन केला, चौथ्याने तोही केला नाही, नवं कुलूपच आणून लावलं. वहिनींनी चावी मागितली नव्हती, ती काशीने स्वतःच ओसरीवर ठेवली.

निकेत म्हणत होता की ठाण्यात आत्ताच नाव देऊ. मी त्याला निर्माते येईपर्यंत थांबवलं. म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता. त्यानंतर काशीचं नाव कागदावर चढलं असतं, आणि कागदावरचं नाव पुसायला आमच्याकडे वर्षं लागतात. सुटका झाली तरी लोक म्हणतात, काहीतरी असेलच.

मी काशीला वाडीत गाठलं. ती विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती, आणि वहिनी शेजारी पाटाचं पाणी वळवत उभ्या होत्या.

"काशे, ती चिंधी तुझ्या साडीची?"

"माजीच हाय. त्यात काय खोटं बोलू?"

"मग बाकीची साडी कुठाय?"

तिने वहिनींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "त्ये न्हाय सांगायचं मला."

"अगं, तू खोलीत गेली होतीस का?"

"रोज जाते की. सकाळी सात वाजता झाडून घेते आन् येते. त्या सायबाची टोपली कागदांनी भरल्याली आसते. वर दोन शबुद, खाली समदं कोरं. वाईट वाटतं चांगल्या कागदाचं, पर बंब पेटवायला बरे पडतात." मग थांबून म्हणाली, "पाकीट मी बघितलं बी न्हाय, ताई. तुमी म्हनला म्हनून लोक म्हनतायत."

खरं होतं ते. मला तिथेच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साडीचं विचारलं की मात्र ही बाई दगड होत होती, आणि जी निर्दोष आहे ती साडी कुठे ठेवलीय हे का सांगत नाही, हे मला कळेना. घरी येईतो मलाही शंका यायला लागली होती. ते आज लिहितानाही लाज वाटते.

३

बुधवारी सकाळी उठले तर आमचे हे, गुणाजी, ओटा धूत उभे.

"तुझ्या चपला बघ. सगळा ओटा तांबडा करून ठेवलास काल."

"वहिनींच्या अंगणातनं आले ना."

"आणि ऐक, काशी नाही हं," हे म्हणाले. रोज दुपारी भात खाऊन थरारपट बघतात, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक असतं. "सगळ्यात गोड वागणारा असतो तोच. वहिनींवर लक्ष ठेव."

वहिनींच्या घरी पोचले तेव्हा अंगणात चित्रीकरणाची तयारी चालू होती. एक माणूस पाइपने अंगण भिजवत होता. ऊन कडक, बसवायला धूळसुद्धा नव्हती.

"हे कशाला?"

"ओली जमीन चमकते, ताई. थरारपटात जमीन कायम ओली लागते," तो म्हणाला.

नायक अजेय आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता. पोरगेलासा, पायात शूज, हातात सरबत. शेवटावरून दिग्दर्शकाशी त्याचं दोनदा वाजलं होतं, हे सगळ्या गावाने ऐकलं होतं.

"मला खुनी व्हायचं नव्हतं," त्याने सरळ सांगितलं. "माझा चेहरा लोकांना आवडतो, तो का खराब करू? पण त्यासाठी पानं चोरीन होय? परत लिहिली असती त्याने. आणि ती बाई तर नाहीच. पहिला संशयित कधीच दोषी नसतो. चिंधी ज्याची तो निर्दोष, हा नियमच आहे."

"तुमच्या चित्रपटात."

"हो."

"आमच्याकडे पहिल्या संशयिताचं काम मध्यंतराच्या आधीच जातं," मी म्हणाले. त्याला ते आवडलं असावं, कारण तो हसला. मला मुळीच हसू येत नव्हतं.

निकेतला विचारलं की जिच्या कमरेला घराची चावी होती ती बाई खिडकीतून कशाला शिरेल.

"दिशाभूल," तो म्हणाला. "शेवट फोडायला टपलेले लोक आहेत, ताई. कोणीतरी तिला फितवलं असणार. मला ह्यात काही फायदा नाही. काम एक दिवस लांबलं की शिव्या मलाच खाव्या लागतात."

"काल सकाळी तुम्ही सगळे कुठे होता?"

"आठपासून अकरापर्यंत पुढच्या अंगणात. सगळेच. दिग्दर्शक एकदा आत गेले होते चष्मा आणायला, अजेय दोनदा शूज बदलायला. कपड्यांची आश्लेषा तर आत-बाहेर चालूच असते."

म्हणजे तिघं. मी आश्लेषाकडे गेले. मागच्या पडवीत, चोरी झालेल्या खोलीला लागूनच, तिचं कपड्यांचं दुकान मांडलेलं होतं. दोरीवर वीस-पंचवीस साड्या. चष्मेवाली, किडकिडीत मुलगी. एका कोऱ्या साडीवर सॅंडपेपर घासत बसली होती. बाजूला चहाच्या पाण्याची बादली.

"अगं, चांगली साडी का खराब करतेस?"

"नवी साडी कॅमेऱ्यात खोटी दिसते, मावशी. घासायची, चहात बुडवायची, तरी मुरलेला रंग येत नाहीच. म्हणून आम्ही जाऊ तिथे गावातल्या बायकांकडून जुन्या घेतो. एकाच्या बदल्यात दोन नव्या देतो." मग वैतागून म्हणाली, "आणि त्या अशा कोणीतरी फाडून ठेवतं. परवापर्यंत धड होती ही."

तिने मांडीखालून एक साडी ओढली. पोपटी. पदराचा कोपरा वीतभर गायब होता.

४

मी तिथून बाहेर पडले ते थेट विहिरीवर. वहिनी घरात होत्या, तेवढ्यात काशीला पकडलं.

"साडी तू सिनेमावाल्यांना दिलीस."

काशी रडायलाच लागली. कालपासून पहिल्यांदा.

"माज्या ल्योकाचा, राहुलचा साखरपुडा हाय म्होरल्या महिन्यात. येक धड साडी न्हाय माज्याकडं. ती पोरगी म्हनली, येक द्या, दोन घ्या. दिली. चार दिस झाले." पदराने तोंड पुसलं. "वादळात माजं समदं गेलं तवा वैनींनी आपलं कपाट उगडलं व्हतं, ताई. म्हनल्या, हवी ती घे. मी हात लावंना तर त्यांनीच ही काढून दिली. त्यांच्या आईची. ती मी बदलून टाकली हे त्यांच्या म्होरं कसं सांगू? चोर म्हनू देत."

चोर म्हणवून घ्यायला तयार होती आणि हे सांगायला नव्हती. मी तिच्या शेजारी कठड्यावर बसले.

बसल्यावर नजर खाली गेली. सकाळचं शिपणं झालेलं, वाडीला पाणी दिलेलं, माझी पावलं चिखलाने भरलेली. करडा चिखल. आमची जमीन पुळणीची, समुद्राने दिलेली. वाडीत कुठेही खणा, करडी वाळूच निघते. आणि खिडकीतला ठसा तांबडा होता.

उठून पुढच्या अंगणात गेले. पाइपवाला अजून तिथेच होता.

"ही तांबडी माती कुठली?"

"आतल्या बाजूची, म्हसळ्याकडची. दोन गाड्या टाकल्या. कोकण म्हटलं की लोकांना लाल माती दिसायला हवी ना, ताई. तुमची इथली पडद्यावर कोकण वाटतच नाही."

हे ऐकून राग यायला हवा होता, पण मला त्याचे आभार मानावेसे वाटले. चोर वाडीतून आलाच नव्हता. तो पुढच्या अंगणातून आला, घरातून चालत गेला आणि खिडकीवर चपलेने ठसा उमटवला. पडवीतून जाताना दोरीवरच्या साडीचा कोपरा फाडून खिळ्याला अडकवला, कारण अशा प्रसंगात खिडकीला चिंधी असतेच. त्याच्या लेखी ते वेशभूषेचं सामान होतं. त्या साडीला मालकीण आहे आणि अख्खं गाव ती ओळखतं, हे त्याच्या डोक्यातच नसणार.

परत खोलीत गेले आणि दारात उभी राहिले. कालच्यासारखंच सगळं एका नजरेत दिसलं. मग आत जाऊन दारामागे पाहिलं. तिथे उघडी बॅग, तिच्यात लॅपटॉप, वर घड्याळ. कशालाच हात लागलेला नव्हता. पंप गेला तेव्हा आणि सुपारी गेली तेव्हा मी पाहिलंय, खरा चोर हाताला लागेल ते उचकतो, दारामागचं आधी. हा पसारा मात्र दारात उभ्या राहणाऱ्यासाठी मांडला होता. कॅमेराही तिथेच उभा राहिला असता.

पण तिघांतला कोण? तेव्हा काशीची टोपली आठवली. वर दोन शब्द, खाली सगळं कोरं.

साडेतीन वाजले होते. चारला निर्माते येणार होते, आणि निकेत ठाण्यात जायला गाडीची चावी हातात घेऊन उभा होता.

५

वहिनींच्या टेबलावरून एक तपकिरी पाकीट घेतलं, त्यात पंधरा-वीस कोरे कागद घातले आणि डिंकाने चिकटवलं. पोलीस पाटलाने असं करावं की नाही, मला माहीत नाही. चुकले असते तर काशी गेलीच होती, माझंही पद गेलं असतं, आणि जायलाच हवं होतं.

ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. काशी खांबामागे उभी राहिली. वहिनी दारात.

"पानं सापडली," मी म्हणाले आणि पाकीट वर धरलं. "वाडीत, विहिरीच्या मागे. सगळी जशीच्या तशी आहेत."

निकेतने हुश्श केलं. अजेय उठून उभा राहिला. "मी खुनी आहे का ते आधी बघा," तो म्हणाला. आश्लेषाने टाळी वाजवली. सगळे पाकिटाकडे सरकले, आणि एकच माणूस मागे सरकला.

मी पाकीट यज्ञेश्वरसमोर धरलं. "घ्या. तुमची वस्तू."

तो हात पुढे करेना. पाकिटाकडे बघत, अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "ह्यात काय लिहिलंय?"

निकेतने हातातली गाडीची चावी खिशात घातली.

"ते तुम्हीच सांगा," मी म्हणाले. "लिहिलंय तुम्ही."

तो खाली बसला, पायरीवरच. मग बोलला ते कोणाकडे न बघता.

"शेवट नव्हताच. सहा जणांतला कोणीही खुनी केला तरी गोष्ट कुठेतरी अडते. दीड महिना रोज बसतोय. निर्मात्यांना सांगितलं होतं की तयार आहे. ते आज पानं मागणार होते, आणि नाहीत म्हटलं असतं तर चित्रपट दुसऱ्याला दिला असता. अकरा वर्षांनी मिळालाय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कोणावर आळ यावा असं नव्हतं मनात. अज्ञात चोर, खिडकीतून आला, गेला. ती साडी कोणाची आहे हे मला माहीत नव्हतं."

"काल अकरा वाजल्यापासून माहीत होतं," मी म्हणाले. "मी तुमच्यासमोर बोलले होते."



खांबामागून काशी पुढे आली. मला वाटलं शिव्या घालेल, घालायला हव्या होत्या. ती वहिनींसमोर जाऊन उभी राहिली.

"वैनी, ती साडी मी दिली व्हती. दोन नव्यांसाठी."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणून काल गप्प बसलीस?"

"व्हय."

"वेडी आहेस काशी," वहिनी म्हणाल्या. "माझी आई असती तर तिनेच म्हटलं असतं, दोन मिळतायत तर दे."

६

निर्माते चारला आले. त्यांना काय सांगायचं ते यज्ञेश्वरने स्वतः सांगितलं, दार लावून. चित्रपट त्याच्याकडे राहिला की गेला हे मला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

बाहेर आल्यावर तो काशीपाशी गेला. माफी मागितली. आश्लेषाला सांगून तिला आणखी चार साड्या देतो म्हणाला.

"माजी मला द्या," काशी म्हणाली. "फाटकी. ह्या दोन घ्या परत. आन् सकाळी आठ वाजता हितं उबे ऱ्हावा."

गुरुवारी सकाळी आठ वाजता काशी आली ती पोपटी साडी नेसून. पदराच्या कोपऱ्याला तीच वीतभर चिंधी तिने काळ्या दोऱ्याने शिवून लावली होती, मोठे मोठे टाके घालून. काळा दोरा का, असं मी विचारलं. "दिसाया नको व्हय?" ती म्हणाली.

ती पुढे, यज्ञेश्वर मागे, आणि त्याच्या मागे मी. आधी दादूचं दार. यज्ञेश्वर उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "चोरी झालीच नव्हती. मी खोटं बोललो. ह्यांनी काही घेतलं नाही." दादूने चावी आणून दिली. मग विनेशकडे, मग तिसऱ्याकडे. चौथ्याने नवं कुलूप लावलं होतं, त्याला नवी चावी शोधायला वेळ लागला; काशी उन्हात उभी राहून वाट बघत होती, घाई नव्हती तिला. पाचवं दार वहिनींचं. तिथे ओसरीवर चावी मंगळवारी ठेवली होती तिथेच पडलेली होती, वहिनींनी ती हलवलीही नव्हती.

पाचही चाव्या कमरेला लागल्या. यज्ञेश्वर गेला. मला वाटलं संपलं, आणि मी घराकडे वळले. काशी माझ्या मागे चालत राहिली.

माझ्या अंगणात येऊन ती थांबली. ओट्यावर गुणाजी पेपर वाचत होते, शेजारची दोन माणसं पाणी भरत होती. काशी नुसती उभी राहिली, जशी दादूच्या दारात उभी होती तशी.

मग मला समजलं.

"साडी ओळखून पहिलं नाव मी घेतलं होतं," मी म्हणाले, शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "न विचारता, न बघता. माझं चुकलं, काशी."

तिने मान हलवली. चाव्या सारख्या केल्या आणि ओट्यावर बसली.

"चाय ठिवा," ती म्हणाली. "साकर कमी."